पुन्हा न जुळणारी वलयं

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, प्रयोगशाळेच्या जमिनीवर ॲसिटोन सांडलंय). तुझी पाठ कशी आहे? भावोजींचा खोकला? मी मजेत. म्हणजे झोप लागत नाही, घास उतरत नाही आणि फोन वाजला की छातीत धस्स होतं, एवढंच.

माझी स्पायरो संयुगं तुला आठवत असतील: दोन वलयं आणि दोघांत मिळून एकच अणू. (दोन आज्या, एकच नातू, दोघींनी एकेक हात धरलेला.) ती आपणहून जुळत नाहीत, म्हणून मी निकेलचा एक कॉम्प्लेक्स बनवला, लालभडक आणि देखणा. चिमूटभर टाकला की वलयं जुळायची. अख्खा प्रबंध त्याच्या जिवावर उभा आहे. गुरुवारी बाहेरचे परीक्षक येणार, तर माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, "त्यांच्यासमोर एकदा करून दाखव." मी हुरळून सगळं नवं घेतलं: फ्लास्क नवा, आत फिरून ढवळणारं चुंबकही नवं, पांढरंशुभ्र. आणि वलयं जुळेनात! कॉम्प्लेक्स पुन्हा बनवला, सॉल्व्हंट पुन्हा शुद्ध केलं, गॅसचा सिलिंडर बदलला, शेवटी फ्लास्कशी लाडीगोडीनेही बोलून पाहिलं (हे कुणाला सांगू नकोस). जे टाकलं ते तसंच्या तसं परत.

शेजारच्या टेबलावर आमचा शंकासुर बसतो. त्याला कुणी विचारलं नव्हतं. तरी म्हणाला, "तुझं जुनं चुंबक काळं पडलेलं ना? तुझ्याआधीची मुलगी त्यानेच पॅलेडियम ढवळायची. तोही वलयं जुळवणारा धातू, आणि चुंबकाला चिकटून बसतो. वलयं ते डागच जुळवत असतील." त्याचं खरं असेल तर माझं निकेल नुसतं शोभेचं. खोटं असेल, तर प्रयोग का बिघडला ते मला सांगता येत नाही. परीक्षकांना काय, चहा पाजून परत पाठवू?

बाकी क्षेम. आईला यातलं काही कळवू नकोस. ती आत्ताच सगळीकडे मला 'डॉक्टर' म्हणत सुटली आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. ते जुनं चुंबक मी टाकून देत होते आणि तू "फ्रिजवर छान बसेल" म्हणून घेऊन गेलीस. भावोजींच्या औषधांची चिठ्ठी दुसऱ्या कशाने तरी लाव आणि ते आजच्या आज कुरिअरने पाठव. पुसू नकोस. फुंकरसुद्धा मारू नकोस.

आणखी एक ता. क. हाताला लागेल ते तू तारेच्या घासणीने घासतेस, हे मला ठाऊक आहे. घासलं असशील तरी मी रागावणार नाही. उलट, मग माझं निकेल खोटं होतं हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही. ताई, खरं सांग, घासलंयस ना?