दोन चाकांची हवा

आई, तुझी नात मला स्पेनला घेऊन गेली होती. स्पेन कुठं आहे ते तुला सांगून उपयोग नाही, तुझं जग माहेरच्या केम स्टेशनात सुरू झालं आणि सोलापुरात संपलं. लांब आहे, एवढं समज. तिथं ती नोकरीला आहे. या वेळी हट्टच धरला तिनं, "मम्मी, राजवाडे-बिजवाडे नंतर बघू. आपण सायकली भाड्यानं घेऊ आणि खेड्यापाड्यांतून फिरू." तू गेलीस त्याला वीस वर्षं व्हायला आली, एवढ्या वर्षांत तुला काही लिहावं असं मला कधी वाटलं नाही. पण तिथून आल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. कुणावर तरी हे काढल्याशिवाय बरं वाटायचं नाही, आणि ज्याच्यावर काढायचं ते माणूस तूच आहेस.

आधी रस्त्यांचं सांगते, कारण त्या रस्त्यांनीच सगळं उकरून काढलं. गावातून गावाला जाणारे बारके रस्ते, पण असे की पोटातलं पाणी हलत नाही. मागून मोटार आली तर हॉर्न नाही, काही नाही. वळण संपेपर्यंत गपगुमान मागं येते आणि मग लांबून वळसा घालून जाते. पहिल्या दिवशी मीच घाबरून सारखी मागं बघत होते, की हा का थांबलाय, याला काय पाहिजे. सोलापुरात जन्म गेला, दुसरं काय होणार. आणि मुलूख म्हणशील तर आपलाच. उन्हानं वाळलेला माळ, कापणी झालेली रानं, मान टाकून उभी वाळकी सूर्यफुलं, आणि मधूनच मेंढरं. द्राक्षं मात्र मांडवावर चढवलेली नाहीत, कमरेएवढी झुडपंच, आणि ऑलिव्हची झाडं डोंगराच्या टोकापर्यंत ओळीनं लावलेली. प्रत्येक गावाच्या चौकात दगडी कुंडी आणि तिच्यात पडणारी गार पाण्याची धार. लेकीनं सगळी वाट फोनवर आखून ठेवली होती, चढ कुठं, उतार कुठं, पाणी कुठं. तिसऱ्या दिवशी एका लांबलचक चढावर मी तिला मागं टाकलं. वर आल्यावर ती धापा टाकत म्हणाली, "मम्मी, तू हे कुठं शिकलीस?" मी म्हटलं, भाकरी पोचवताना.

खोटं नाही ते. मला सायकलीवर तूच बसवलंस. नवी पेठेच्या मागच्या त्या बोळातल्या आपल्या दोन खोल्या, चुलीपुढं तू, आणि सात रस्त्याच्या खाणावळीला रोज भाकऱ्या जायच्या. अण्णा मिलमधून यायचे तेव्हा खाणावळीतली माणसं जेवून उठलेली असायची, म्हणून जुनी सायकल घेतली आणि मागं टोपलं बांधून मला धाडलंस. "पाय पोचत न्हाय तर दांडीखालनं पाय घाल की, पर भाकरी गार झाली न्हाय पायजे." तेव्हा कुणी काही बोललं तर तू अंगावर जायचीस. "माझी पोरगी काम करती, नाचाय जात न्हाय." भर बाजाराच्या गर्दीतून, रिक्षांच्या मधून, टोपल्यातली एक भाकरी न मोडता मी जायची. मागं टोपलं असलं की माझी सायकल चालायची. टोपलं उतरलं की तीच सायकल मुलीच्या जातीला शोभत नव्हती.

बारावीला गेम्सच्या बाईंनी मला रस्त्यात पाहिलं आणि शर्यतीत नाव घातलं. होटगी रोडला निवडीची शर्यत होती. पहिल्या तिघींत आलेल्या मुलींना पुण्याला सायकलिंग शिकायला नेणार, राहायची-खायची सोय तिथंच. बाई घरी येऊन सांगून गेल्या. अण्णांनी मान डोलावली, म्हणजे त्यांचा होकारच. तू भाकरी थापत होतीस, वर न बघता म्हणालीस, "लई हवा भरलीया हिच्या डोस्क्यात." मला हसू आलं होतं. तू विरोध असा केलाच नाहीस. आदल्या संध्याकाळी उलट मला गूळ-शेंगदाणे बांधून दिलेस, ते मी विसरलेली नाही. त्यामुळंच जास्त राग येतो.

पहाटे मी सायकल काढायला जाते तर ती जमिनीला टेकलेली. दोन्ही चाकं बसलेली. आधी वाटलं पंक्चर, मग हात लावून बघितलं तर दोन्ही व्हॉल्व गायब. ती एवढीशी पितळी पिन, तिच्यावर रबराची बारीक नळी. ती काढली की हवा राहत नाही, आणि दुसरी मिळाल्याशिवाय भरताही येत नाही. बोळातली पोरं, शेजारी, मी सगळ्यांच्या नावानं शंख केला. सायकलच्या दुकानाची फळी बडवली, कुणी उठलं नाही. तू दारात उभी राहून बघत होतीस. तुझ्या चेहऱ्यावर काहीसुद्धा नव्हतं. दुकान उघडेपर्यंत तिकडं शर्यत सुटून संपलीसुद्धा होती.

संध्याकाळी तू मला आमटीला फोडणी द्यायला बसवलंस. मी मिसळणाचा डबा उघडला, मोहरीच्या वाटीत चमचा घातला, आणि चमच्याला काहीतरी टणक लागलं. दोन्ही व्हॉल्व मोहरीत होते. मी तुझ्याकडं बघितलं. तू विळीवर कांदा चिरत होतीस. एकदाच मान वर केलीस आणि म्हणालीस, "त्याल तापलंय. टाक मोहरी." आणि मी टाकली, आई. व्हॉल्व बाजूला काढून ठेवले आणि मोहरी टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर सायकल उभी, दोन्ही चाकं टणक. तू पहाटे ती स्वतः ढकलत दुकानापर्यंत नेली होतीस, हवा भरून आणली होतीस, आणि मागं भाकरीचं टोपलं बांधलेलं होतं.

आपण त्यावर कधीच बोललो नाही. पुण्याला दुसऱ्या मुली गेल्या. पुढच्या वर्षी माझं लग्न लावून दिलंस. संसार वाईट झाला असं नाही म्हणत मी, पण तो मी मागितला नव्हता. तू दवाखान्यात शेवटची पडून होतीस तेव्हाही मी तुझ्या उशाशी बसून रोज ठरवायची, आज विचारू. तू मागायचीस पाणी आणि मी द्यायची पाणी. आता लेकीला हे सगळं सांगितलं तर ती म्हणते, "आज्जीला भीती वाटली असेल गं. तू गेलीस तर परत येणार नाहीस, अशी." किती शहाणी आहे बघ तुझी नात. तिला सोपं आहे. तिच्या पहिल्या सायकलीत हवा मी भरलीय, दर रविवारी, वाकून, कंबर दुखेपर्यंत. भीती मला वाटली नसेल? ती विमानात बसली ती रात्र मी कशी काढली ते मी कुणाला सांगितलं? भीती वाटली म्हणून मी तिचा पासपोर्ट मोहरीत नाही लपवला.

आता ज्या दिवसासाठी हे लिहायला घेतलं तो दिवस. लेक पुढं निघून गेली होती, आणि एका खेड्यात शिरताना माझं मागचं चाक बसलं. दुपारची वेळ. तिकडं दुपारी गावंच्या गावं दारं लावून झोपतात, रस्त्यावर कुत्रं नाही. सुटी ट्यूब माझ्याकडं होती, पंप लेकीच्या पिशवीत, आणि फोनला रेंज नाही. एका दारात सावलीला खुर्ची टाकून एक म्हातारी बसली होती. तू गेलीस तेव्हा होतीस त्याच वयाची. तिनं चाकाकडं बघितलं, मग माझ्या पिकल्या केसांकडं, काहीतरी म्हणाली, हसली आणि आत गेली. मला वाटलं, लावलं दार. तर बाई जुना गंजका पंप घेऊन बाहेर आली. मी ट्यूब बदलली आणि पंपासाठी हात पुढं केला, तर देईना. मला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः हवा भरायला लागली, दोन्ही हातांनी, दम लागेपर्यंत. मग तू कणीक बघायचीस तसं अंगठ्यानं टायर दाबून बघितलं आणि मला जा म्हणून हात केला. पुढचा रस्ता मोकळाच होता.

मला त्या बाईचा इतका राग आला म्हणून सांगू. आभाराचा एकच शब्द मला त्यांच्या भाषेत येत होता, तो कसाबसा म्हटला आणि निघाले. गावाबाहेर आल्यावर रडले. परकी बाई, ना नात्याची ना गोत्याची, माझं नाव तिला माहीत नाही, मी कुठं चाललेय हे तिला माहीत नाही, आणि तिनं हवा भरून दिली. तू आई होतीस. तुला एवढंच करायचं होतं की काही करायचं नव्हतं. नुसती झोपून राहिली असतीस तरी मी गेले असते.

मी हे माफ केलेलं नाही. लेक म्हणते, सोडून दे, मेलेल्या माणसाशी काय भांडायचं. मी भांडणार. जिवंत होतीस तेव्हा भांडू दिलं नाहीस.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, आणि टाकून तरी काय, तुला वाचता कुठं येत होतं. केमहून मामाची पत्रं यायची ती मीच तुला वाचून दाखवायची, आणि ज्यानं तुला वाईट वाटेल ते वाक्य गुपचूप गाळायची. हेसुद्धा वाचायला मीच लागले असते. सगळं वाचलं असतं, मोहरीसकट, एक अक्षर न सोडता. फक्त एक गोष्ट सोडून. त्या गावानंतर मोठा उतार होता. डोळे अजून ओले, वेग वाढलेला, आणि वळणावर एकदम मेंढरं आडवी आली. ब्रेक दाबले, मागचं चाक सरकलं, वाटलं आता संपलं. तेव्हा मी ओरडले. थोड्या अंतरावर लेक थांबली होती, तिनं विचारलं, "कुणाला हाक मारलीस?" मी म्हटलं, मेंढरांना. पण मी "आई गं" म्हणाले होते. वाचताना एवढं मी गाळलं असतं.