जावेकडील निळी शाल परत मिळणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
ग्रामीण आरोग्य केंद्र.

विषय : साथीच्या काळात जावेकडे सोपवलेली दुभती गाय व निळी शाल परत मिळवून देणेबाबत.
संदर्भ : आमच्या अंगणात उभे राहून आपण दिलेला शब्द.

महोदय,

मी, घरधनी आणि पोटुशी सून असे तिघेही साथीत सापडलो तेव्हा आपली गाडी न्यायला आली. मी गोठ्याचे दार सोडेना. आपण म्हणालात, "बाई, गाय जावेकडे द्या. बऱ्या होऊन या, दावणीला मिळेल. मी आहे ना." त्या शब्दावर मी गाडीत बसले.

धाकटी जाऊ मला पाठच्या बहिणीसारखी. गाय परक्या हाताला पान्हा सोडत नाही, म्हणून तोंडाला फडके बांधून जाऊ गाडीच्या खिडकीशी आली व माझ्या अंगावरची शाल मागू लागली. आजाराची आहे गं, म्हटले. "असू दे ताई, मुकं जनावर हंबरतंय." माझा ऊर भरून आला. ती शाल पांघरून ती धारेला बसू लागली.

मागाहून आपल्या माणसांनी आमचे कपडे, अंथरुणे जाळली, घर-गोठा औषधाने धुतला. सून बाळंत होऊन आम्ही परतलो तर माझ्याही अंगाला औषधाचाच वास. गाय लाथ झाडून मागे सरली. बरी झाल्याचा आपला शिक्क्याचा दाखला मी तिच्यापुढे धरला. तिने त्याचा कोपरा खाल्ला. सबब सोबतच्या प्रतीला कोपरा नाही.

जाऊ म्हणते, "बघा ताई, गायच नाही म्हणतेय, मी काय करू?" शाल मागितली तर म्हणते, जाळली. पण पहाटे भिंतीपलीकडे चरवीत धार वाजते, धारेला बसून मी गुणगुणायचे ते गाणे माझ्याच हेलकाव्यात ऐकू येते, आणि भिंतीच्या फटीतून निळे दिसते. सुनेच्या अंगावर दूध नाही. नातवाला आमच्याच गायीचे दूध मी जावेकडून विकत आणून पाजते. वर ती म्हणते, "घरचंच आहे, पाणी नाही घातलं."

गावातली मोठी माणसे म्हणतात, गाय जिच्या हाताला दूध देते तिची. या न्यायाने माझा नातू आपल्या नर्सबाईंचा, कारण तो त्यांच्याच कडेवर गप्प होतो. त्यांनाही तसे कळवावे काय, याचा खुलासा व्हावा.

तरी विनंती की, एके दिवशी धारेच्या वेळी आपण जातीने यावे, जावेच्या अंगावरची शाल उतरवून माझ्या अंगावर घालावी, आणि गाय काय करते ते पाहावे. गायीवर माझी तक्रार नाही, तिला फसवले गेले. मी मात्र शुद्धीवर होते, आणि शाल माझ्या हातांनी खांद्यावरून काढून दिली.

उशीर करू नये. रोज पांघरून पांघरून शालीला आता तिच्या अंगाचा वास लागत चालला आहे.

आपल्या शब्दावर गाडीत बसलेली,
थोरली जाऊ
(ओढ्याकाठचे शेवटचे घर)

दिनांक : सोमवार, सकाळची धार झाल्यावर
सोबत : दाखल्याची प्रत