आठ म्हणेपर्यंत

प्रिय छकुली,

बॉक्सिंगच्या पोस्टरवर तुझं नाव करिष्मा हिंमतराव असं ठळक छापतात, पण माझा हात आपोआप छकुलीच लिहिते. शुद्ध लिहायचा प्रयत्न दोन ओळींत सोडून दिला. तुझ्यासंगं मला-तुला करत बसली तर तू म्हणशील आईले हे कोणीतरी लिहून दिलं. अन् फोन काऊन नाही केला ते विचारू नको. फोन लावला की तुझा बाप हातातून ओढून घेते अन् हात वर ठेव, बदाम खा, पहाटे पळ, हे सुरू करते. तूही हाव आई, हाव आई करत ठेवून देते. आज पूर्ण ऐकून घे.

घरी बरं आहे. कापसाची पहिली वेचणी झाली. वांगी यंदा चांगली आली, पण धामणगावच्या बाजारात वांग्याले कोणी विचारत नाही अन् तुलेच विचारतात. गणेशचं मोबाइलचं दुकान चाललं आहे, म्हणजे तुझा भाऊ खुर्चीवर बसून राह्यते अन् लोक फुकटात चार्जिंग करून जातात. बाजारात बायाही थांबून विचारतात, पोरगी आता केव्हा लढते? मी सांगते, पुढच्या महिन्यात, बँकॉकले. मग हळूच विचारतात, मागच्यासारखं तर नाही ना होणार? असा राग येते की टोपलं डोक्यात घालावं. पण मलेही तेच भेव वाटून राह्यलं, तर त्यांले काय बोलू? ही फाइट हरली तर मोठ्या फाइट भेटणार नाहीत, असं तू सांगितलं. तुले त्याची काळजी. मले तुझ्या डोक्याची.

उन्हाळ्यातल्या त्या फाइटले सारी गल्ली गणेशच्या दुकानात जमली होती. मी नेहमीसारखी मागं, पदर डोळ्यावर. पाचव्या राउंडले तू पडली अन् सारे एकदम ओरडले, ऊठ! तू उठलीही. पंच दोन म्हणते न म्हणते तोच ताडकन उभी. पण पाय कुठं आले होते तुझ्यासंगं? तू झोकांडी खाऊन दोरीवर गेली, पंचानं हात हलवले, खेळ खलास. फोनवर तू रडत होती, आई, मी उठली होती ना, मग काऊन थांबवली? तुझा बापही महिनाभर तेच घेऊन बसला, पोरगी उठली होती, पंच बेइमान आहे.

मी मात्र तेव्हापासून एकच विचार करून राह्यली. आपल्या घरात पडायची सोयच नाही, बाई. तुझ्या बापाचा आखाडा. जत्रेच्या कुस्तीत पाठीले माती लागली की संपलं, नारळ दुसऱ्याचा. हे तुले चालता येण्याआधीपासून ऐकू आलं. मोताळ्याच्या रस्त्यावर सायकलवरून पडली, गुडघा फुटला, अन् रक्त पुसत म्हणे, मी पडलीच नाही. ते आम्ही पाहुण्यांले कौतुकानं सांगत होतो. कुस्तीत ते बरोबरच आहे. पण तुझ्या खेळात पडणाऱ्याले दहा मोजेपर्यंत वेळ देतात. हक्काचा वेळ. अन् आपण काय करतो, परक्या घरी जेवायले बसल्यासारखं नको नको, पोट भरलं करून उठतो. उपाशी!

मागं तू विचारलं होतं, आई, वर्ल्ड क्लास म्हणजे काय असते, मी होईन का? तुझा बाप म्हणे दम. गणेश म्हणे स्पीड. तुझे सर पायांचं काहीतरी सांगतात. असेल ते सारं खरं. मले बॉक्सिंगमधलं काय कळते? पण ह्या दिवसांत दुपारच्या वेळी गणेशनं मले किती तरी फाइट दाखवल्या, अन् मी डोळ्यावरचा पदर काढून पाह्यल्या. पहिल्या दिवशी अर्ध्यातच बंद करायले लावलं. मग एक पाह्यली, कुठल्या दूरदेशीची पोरगी, तुझ्याच वयाची, जबड्यावर बुक्की बसली अन् आडवी झाली. मग एक गुडघा टेकून बसली, आपण शेतात निंदायले बसतो तशी. हजारो लोक किंचाळत होते, अन् ही रिंगच्या कोपऱ्यात उभ्या आपल्या माणसाकडे पाहून श्वास घेऊन राह्यली. तोंडावर लाज नाही, घाई नाही. पंचानं आठ म्हटल्यावर उठली अन् पुढं जिंकली. मारणाऱ्या लय पाह्यल्या, छकुली. पडल्यावर न लाजणारी ही पहिली. मले तर वाटते, जगात नाव होते ते इथंच.

हे तुझ्या बापाले दाखवलं तर असा भडकला! म्हणे, पोरीले खाली बसणं शिकवते का? त्या दिवशी जेवला नाही. मीही विनवणी केली नाही, भाकर झाकून ठेवली. मग एक दिवस स्वतःच दुकानात गेला अन् गणेशले म्हणे, ते लाव. पुन्हा लाव. घरी आला. उंबऱ्यावर बसून म्हणे, कोकिळा, तुझं खरं आहे, पण ती पडली की माझ्या तोंडातून ऊठच निघीन, मले नाही आवरता येणार. असं बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांच्या संसारात मले तो एवढा कधीच आवडला नव्हता.

तर आता लिहिण्याचं कारण. रिंगजवळ घरच्या एकाच माणसाची सोय आहे अन् तिथं तुझ्या बापाचं नाव होतं. त्यानं सरांले फोन करून ते काढायले लावलं अन् माझं टाकलं. माझा पासपोर्ट मंगळवारी आला, फोटोत मी कोणाची बकरी चोरल्यासारखी दिसते. मी येऊन राह्यली. तू पडू नये, हेच देवाले मागते. पण पडलीच, तर एक गुडघा टेक अन् माझ्याकडे पाह्य. लोक काय ओरडतात ते ऐकू नको. मी एकेक बोट वर करीन. आठव्या बोटापर्यंत ती जागा तुझी आहे, तिथं आरामात बस. मग उठावं वाटलं तर ऊठ. नाही वाटलं तर बसून राह्य, माझ्या पोरी. मले दहाही बोटं आहेत, मी सारी मोजीन अन् तुले घेऊन घरी येईन.

तुझीच,
आई