ज्वालामुखीवर ऐकलेलं

प्रिय सुषमा,

नाव लिहून टाकलं एकदाचं. तेहतीस वर्षं 'अगं'वर भागवलं, त्यामुळे हात जरा अडखळला. तू बाजारात गेली आहेस. पत्र तांदळाच्या डब्यात वरच ठेवतो, म्हणजे स्वयंपाकाला लागलीस की सापडेल. एका घरात राहून नवरा बायकोला पत्र लिहितो याचं तुला हसू येईल. पण त्या हेलिकॉप्टरमधून उतरल्यापासून बारा दिवस एक गोष्ट माझ्या पोटात आहे, आणि ती मला हळू आवाजात सांगता येत नाही. कान गेलेल्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. मी कुजबुजलो तरी भिंतीपलीकडून इमामबी भाभी विचारतात, काय म्हणता भाऊ?

आठवतंय ना, तिकिटाच्या खिडकीपाशी त्या पोरीने आपल्याला सामानासारखं काट्यावर उभं केलं? बसायच्या जागा वजनाप्रमाणे. तू हलकी म्हणून पुढे पायलटशेजारी, आणि मी मागे दोन गोऱ्या म्हाताऱ्यांच्या मध्ये कोंबलेला. तू वळून वळून बघत होतीस. गौतमी नातीला घेऊन खालीच थांबली. लेकीने आपल्याला अमेरिकेला बोलावलं, सुट्टी काढून हवाई बेटावर नेलं, आणि वर हा जिवंत ज्वालामुखी. का, तर पप्पांनी जन्मभर आग सांभाळली, त्यांना एकदा खरी आग दाखवायची.

खरं सांगायचं तर तो डोंगर बघून मला कुरकुंभचा कारखानाच आठवला. एकतीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस मी, भट्टीच्या काचेतून हातभर आग बघायची सवय. इथे तळंभर आग, वर काळी साय धरलेली, ती फाटली की खालून लालपिवळं उसळायचं. मनात म्हटलं, एवढी वाफ फुकट चालली आहे, हिला सेफ्टी व्हॉल्व्ह बसवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही का. गंधकाचा वास आत आला तेव्हा तर शिफ्टला आल्यासारखं वाटलं. हे सगळं मला तुला तिथल्या तिथे सांगायचं होतं. पण तेवढ्यात माझ्या कानात कुणीतरी बोललं.

त्यांनी सगळ्यांना मोठे हेडफोन दिले होते. माझ्या हेडफोनचा आवाज गौतमीने सांगून पूर्ण वाढवून घेतला होता. आधी वाटलं, पायलटने मराठी रेकॉर्ड लावली की काय. "बाई गं, पाय कुठं ठिवू," असं कुणीतरी म्हणत होतं. मग ओळखलं, हा तुझा आवाज. तू घाबरून वायर मुठीत आवळून धरली होतीस, आणि बोलायचं बटण त्याच वायरवर होतं. मी एरवी तुझ्या ओठांकडे बघून निम्मं समजून घेतो. त्या दिवशी मला फक्त तुझा अंबाडा दिसत होता आणि शब्द न् शब्द ऐकू येत होता. आवाज थोडा घोगरा झालाय तुझा. माझ्या डोक्यात अजून लग्नातल्या सुषमाचाच होता.

तू माझ्याशीच बोलत होतीस. "तुमी मफलर घेतला न्हाई, वारं लागंल," म्हणालीस. नात तुमच्यासारखीच हट्टी हाय, म्हणालीस. हे सगळं खाली बघत, पुटपुटल्यासारखं, ऐकणारा कुणी नाही असं समजून. तेव्हा मला कळलं की तू रोजच असं बोलत असशील. भांडी घासताना, माझ्या शेजारी पडल्यावर. मग म्हणालीस, "आवो, छातीपाशी गाठ हाय. चार म्हयनं झालं. आरडून कशी सांगू तुमास्नी, आक्खी गल्ली ऐकंल. पोरीला सांगितलं तर तिची सुट्टी नासंल. नातीचं त्वांड बघितलं, आता काय व्हायचं ते होऊ दे." पायलट तुझ्याकडे बघून हसला. त्याला वाटलं, बाई देवाचं काहीतरी म्हणते आहे.

उतरल्यावर गौतमीने विचारलं, कसं वाटलं, आणि मी ओरडून 'लय भारी' म्हणालो. हॉटेलात पलीकडच्या खोलीत ती, विमानात माणसं, घरी इमामबी भाभी; बोलणार कुठे? बारा दिवस मी तुझ्यासमोर बसून ताटातला भात नुसता चिवडला. तू विचारलंस, मीठ जास्त झालं का, म्हणून.

आणखी एक कबूल करतो. कंपनीने कानात घालायला बोळे दिले होते, मीच ते खिशात ठेवून फिरलो. गौतमीने पाठवलेलं कानाचं मशीन दोन वर्षं कपाटात पडून आहे. म्हातारा दिसेन, म्हणायचो. पण खरं कारण वेगळंच. ऐकू येत नसलं की दळण घेऊन गिरणीत जावं लागत नाही, कुणाच्या भांडणात पडावं लागत नाही, तुझी कुरकुर ऐकावी लागत नाही. मला ते सोयीचं झालं होतं, सुषमा. त्या सोयीपायी तू चार महिने एकटीने गाठ सांभाळलीस. मला माझी फार लाज वाटते.

काल चालायला जातो म्हणून बाहेर पडलो, तो दवाखान्यात गेलो होतो. बाई डॉक्टर आहेत, आपल्या दौंडातच. चिठ्ठीवर लिहून नंबर लावला. तिथल्या मुलीला वाटलं मी मुका आहे, ती हातवारे करत होती. गुरुवारी सकाळी अकराला जायचं आहे. गाठ वाईटच असते असं नाही, पण असली तरी दोघांनी मिळून ऐकू. मला तू हवी आहेस. बाकी काही लिहिता येत नाही. आणि हो, मशीन आज सकाळपासून कानात आहे, टोपीखाली लपवलं होतं म्हणून तुला दिसलं नाही. पिशवी घेऊन निघताना तू चपला घालत माझ्याकडे पाठ करूनच पुटपुटलीस, "येते मी. बीपीची गोळी घ्या." मला ऐकू गेलं का, हे वळून बघितलंही नाहीस.

गोळी घेतली आहे.

तुझाच,
पोपट