जिथल्या तिथं

२ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र कधीचं येऊन पडलंय, पण लिहायला बसणंच होत नाही. डॉक्टरांनी शेवटी स्पष्ट सांगितलं. ह्यांना समोरचं थोडं दिसतं, बाजूचं नाही. उरलंय तेही हळूहळू जाणार. बस चालवणं सुटलंच. घरात हे खोल्याखोल्यांतून धडकत फिरतात आणि मी मागे मागे. एवढं घर आता झेपत नाही रे. ते विकायचं ठरवलंय, फक्त मागच्या जागेचा तुकडा ठेवतोय. त्यावर आम्हा तिघांपुरतं अगदी छोटं घर आखून दे. जन्मभर लोकांचे नकाशे काढलेस, एक बहिणीसाठी काढ. तुझी भाची विचारतेय, मामा माझ्यासाठी कोपरा ठेवेल ना.
वहिनीला नमस्कार. लोभ आटू देऊ नकोस.
तुझी,
ठकू

१९ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ. तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवलं. मग कामाला लागलो. नकाशा सोबत आहे. खाट सकाळी भिंतीत मिटते, टेबल खिडकीखाली सरकतं, मधला पडदा ओढला की एका खोलीच्या दोन. भाचीला शिडी चढून माळा. स्वतःचीच पाठ थोपटावी असं काम झालंय, आणि ते मीच सांगतोय, कारण तू काही सांगणार नाहीस. भाऊजींना समजावून सांग. तब्येत सांभाळ, जेवत जा.
सर्वांना आशीर्वाद. आठवण ठेव.
तुझा,
दादा

५ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. राग मानू नकोस. नकाशा मी ह्यांना वाचून दाखवला. हे उठून पायरीवर जाऊन बसले. संध्याकाळी म्हणाले, सकाळी असलेली खाट दुपारी नसेल तर मी हात कुठे टाकायचा? आणि खरं सांगू, मलाही रडू आलं. ती खाट मिटणार कोण, टेबल ओढणार कोण? मीच ना. माझे खांदे भरून आलेत, दादा. लेकीलाही माळा नको. बाबा वर कसे येतील म्हणते.
घर लहान असू दे, पण त्यात काही हलायला नको, आणि पुढे टेकायला एक ओसरी मात्र हवीच. जमेल का?
माया असू दे.
तुझी,
ठकू

२२ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ. चूक माझीच. परवा डोळ्यांवर रुमाल बांधून आपल्याच घरात फिरलो. नडगी फुटली, वहिनी पोट धरून हसली, मग मलम घेऊन आली. नवा नकाशा पाठवतोय. एकच लांब भिंत, तिला लागून सगळं ओळीनं: खाट, कपाट, ओटा, न्हाणीघर. हात भिंतीवर ठेवला की घर सापडतं. दारं भिंतीत सरकणारी, म्हणजे अर्धवट उघडं दार कपाळावर येणार नाही. भाचीची खाट पलीकडे, खालीच. मात्र तुझा ओसरीचा हट्ट बसत नाही गं. पाहिजे तर भांड.
काळजी करू नकोस. दोन ओळी तरी लिहीत जा.
तुझा,
दादा

१४ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. राहायला येऊन महिना होत आला. सुरुवातीला हे भिंतीला हातच लावेनात. खाटेवर पाठ फिरवून बसायचे. इतक्या खटपटीनंतर हे बघून मला वाटलं, सगळं वाया गेलं. मग एकदा लेकीनं खुर्ची वाटेत सोडली आणि हे अडखळले. असे ओरडले तिच्यावर, की माझ्या घरात वस्तू जिथल्या तिथं पाहिजेत! ती रडली. मी आत तोंड फिरवून उभी राहिले, कारण 'माझ्या घरात' हे ऐकून मला बरं वाटत होतं.
काल दुपारी जरा आडवी झाले ती डोळाच लागला. जाग आली तेव्हा शेजारीण दारात होती, मला हाका मारत. हे भिंतीच्या आधारानं दारापर्यंत गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "ती दमलीय. आज तिला उठवू नका. काय हवंय ते मला सांगा." तिला वाटीभर साखर हवी होती. डबा उघडल्याचा, मग दार सरकल्याचा आवाज आला.
मी जागी होते, पण डोळे मिटून तशीच पडून राहिले. किती वर्षांनी अशी निवांत, कोण जाणे.
ओसरीसाठी भांडणार होते, पण आज राहू दे. येऊन जा, जागा करू.
तुझी,
ठकू