मुलीची बोटे वाकण्याआधी तिला कोरड्या घासणीवरून हलवण्याबाबत

प्रति,
मा. कामगार आरोग्य अधिकारी,
व्यवसायजन्य आजार विभाग.

विषय: मुलीचे खाते बदलणे व घासणीच्या मशिनवर पाण्याचा फवारा बसवणे.

संदर्भ: माझा अर्ज फेटाळल्याचे आपले पत्र. (मुलीचा अर्ज घेतलाच नाही, त्यामुळे त्याचे पत्र नाही.)

महोदय,

१. मी फरशीच्या कारखान्यात एकोणीस वर्षे कोरडी घासणी, म्हणजे पाण्याशिवाय मशिनवर फरशी घासण्याचे काम, केले. आता माझी बोटे एका बाजूला कलली आहेत; वेणी मुलगी घालते. आपण लिहिता, "हा संधिवात अर्जदाराच्या स्वतःच्या शरीराने केलेला असल्याने व्यवसायजन्य नाही." मी सातवी शिकले. पुढचे रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या बाईंचे डोके खाऊन शिकले, ते आपणांस सांगणे भाग आहे.

२. आमच्याकडे फरशीवर खडूची खूण असते. गोल म्हणजे पॉलिशला, फुली म्हणजे फोडायला. शरीरही प्रथिने बनवल्यावर त्यांवर रासायनिक खुणा करते. जंतू शिरला की खुणा बदलतात, पहाऱ्यावरच्या पेशी उठतात. काम झाले की खुणा पुसल्या जातात, पेशी शांत होतात. दगडाची धूळ फुप्फुसात साचली की ही शिस्त बिघडते. चांगल्या प्रथिनातल्या आर्जिनिन नावाच्या तुकड्याचे सिट्रुलिन होते. म्हणजे धडधाकट फरशीवर फुली. पेशी फुली बघून सांधेच फोडत सुटतात. फोडणाऱ्याला दोषी धरायचे आणि धूळ उडवणाऱ्याला सोडायचे, हा कुठला न्याय?

३. माझे झाले ते झाले. मुलगी सव्वीस वर्षांची, माझ्याच मशिनवर आहे. त्या फुल्यांविरुद्धची प्रतिपिंडे तिच्या रक्तात भरपूर सापडली आहेत. सांधे अजून दुखत नाहीत. प्रतिपिंडे सांधे दुखू लागण्याच्या कित्येक वर्षे आधी दिसू शकतात. म्हणजे अजून वेळ आहे, म्हणून तर धावत आलो. आपले कारकून म्हणाले, "बाई, आधी आजार आणा, मग अर्ज आणा." मुलगी म्हणाली, "भाऊ, दोन्ही एकदम आणले तर चालतील का?" त्यांनी खिडकी लावून घेतली. मुकादमाचे म्हणणे, "हात चालतायत ना? मग लाग कामाला."

४. तरी तिला आजच्या आज पॅकिंगला घालावे आणि धूळ उडू नये म्हणून मशिनवर पाण्याचा फवारा बसवावा. ते जमत नसेल तर कोणते बोट किती वाकल्यावर तिचा अर्ज घेणार, ते लेखी कळवावे. आम्ही रोज मोजून बघू.

उत्तराची वाट पाहणारी (नम्रता मागच्या दोन अर्जांत संपली),
माजी घासणी कामगार
दिनांक: ९ जुलै

सोबत:
माझ्या हातांचे एक्स-रे.
मुलीचा रक्ततपासणी अहवाल.
मुलीच्या दोन्ही हातांचा फोटो, आज सकाळी काढलेला. बोटे सरळ आहेत. जपून ठेवावा.