काकांना दारातून परत पाठवल्याबद्दल

दादा,

मी काकांच्या फ्रेमच्या दुकानात चाललेय, त्यांना घेऊन यायला. तुझं जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय.

"मी त्यांचा अपमान कुठे केला? एक शब्दही बोललो नाही," असं काल तू मलाच ऐकवलंस. अरे, ते बाबांचा फोटो फ्रेम करून दारात उभे होते, आणि तू त्यांच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत दार लावून घेतलंस! हिडीसफिडीस केली असतीस तरी परवडलं असतं. त्यात समोर माणूस उभा आहे एवढं तरी कबूल असतं.

दुकानाची वाटणी झाल्यापासून बाबांनी सख्ख्या भावाशी अबोला धरला होता, हे मलाही ठाऊक आहे. तो तू पुढे चालवायची गरज नाही. हॉस्पिटलमधून बाबांनीच तो फोटो माझ्याबरोबर काकांकडे पाठवला होता. म्हणाले, "माझी फ्रेम त्यानंच करायची. दुसऱ्या कुणाला कोपरे जुळवता येत नाहीत."

संध्याकाळी आम्ही दोघं येऊ. दार तू उघड आणि तोंडानं "या काका" म्हण. त्याआधी भिंतीत खिळा ठोकून ठेव.

— तुझी बहीण